टर्बोची परवानगी

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरला कुलूप होतं. त्या काळातल्या कॅबिनेटना पुढच्या बाजूला एक गोल कुलूप असायचं आणि त्याची नळीसारखी किल्ली मिळायची. ती फिरवली की कीबोर्ड मुका व्हायचा. बाकीच्या लोकांनी ती किल्ली पहिल्या आठवड्यातच हरवली असणार. माझे वडील पाटबंधारे खात्यात कार्यालयीन अधीक्षक होते. त्यांनी ती कपाटाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली आणि पुढची कित्येक वर्षं रोज वापरली. दूध आणायला जातानासुद्धा ते कॉम्प्युटर बंद करून कुलूप लावून जात.

कुलपाशेजारी एक बटण होतं. त्यावर टर्बो असं लिहिलेलं होतं आणि वर लाल आकड्यांची छोटीशी खिडकी होती. एरवी तिथे तेहेतीस दिसायचे. टर्बो दाबलं की सहासष्ट. पप्पांच्या मते याचा अर्थ सरळ होता: बटण दाबलं की मशीन दुप्पट वेगाने चालतं आणि दुप्पट झिजतं. म्हणून आमच्याकडे टर्बोला परवानगी लागायची. मी कॉलेजच्या प्रोजेक्टला बसले की आधी काय काम आहे, किती पानांचं आहे, आजच का हवंय हे सगळं त्यांना सांगावं लागे. पटलं तर ते स्वतः येऊन बटण दाबत आणि काम झालं की काढ असं सांगून जात. पाहुणे आले की मात्र टर्बो विनाकारण दाबला जाई. पाहुणे आकडा बघून मान हलवत आणि पप्पा मग त्यांना सहासष्ट म्हणजे काय ते समजावून सांगत. ते नेमकं काय होतं हे मला आजही सांगता येणार नाही.

त्या मशीनवर पप्पांनी बरंच काम केलं. विहारातल्या कार्यक्रमांच्या पत्रिका, जयंतीची स्मरणिका, आणि अर्ध्या बिबवेवाडीतल्या मुलामुलींचे लग्नाचे बायोडेटा. बायोडेटासाठी लोक त्यांच्याकडे जरा घाबरतच येत, कारण ते खोटं टाईप करत नसत. एकदा एका मुलाच्या वडिलांनी उंची पाच फूट आठ सांगितली. पप्पांनी मुलाला दाराच्या चौकटीला उभं करून टेपने मोजलं आणि पाच फूट सहा टाईप केलं. लग्न जमलं, पण ते गृहस्थ आमच्या घरी परत आले नाहीत.

मागच्या वर्षी एका दुपारी मशीनमधून जळका वास आला आणि ते बंद पडलं. आई म्हणाली, सुटलो. पप्पा म्हणाले, दुरुस्त होईल. मी दोघांच्या मध्ये पडून एक लॅपटॉप आणून दिला. पप्पांनी तो दोन दिवस वापरला आणि मला फोन करून सांगितलं की वस्तू चांगली आहे, पण ही पाटी आहे. मांडीवर घेऊन काम करायचं असेल तर आपण एवढं टेबल कशाला करून घेतलं होतं, असंही त्यांनी विचारलं. लॅपटॉप आईकडे गेला. आईने त्यावर आधी स्वयंपाकाचे व्हिडिओ बघितले, मग शेजारणीला हाताशी धरून स्वतःचेच करायला घेतले. पप्पा रिकाम्या टेबलासमोर बसून वर्तमानपत्र वाचू लागले. बंद पडलेलं कॅबिनेट तिथेच होतं. ते रोज पुसायचे.

मला ते बघवेना. पण मी हिंजवडीत नोकरी करते आणि माझं काम सॉफ्टवेअरचं आहे. नातेवाइकांचा समज असा की मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. खरं सांगायचं तर मी आयुष्यात एकही कॅबिनेट उघडलेलं नव्हतं. माझ्या घरी पंख्याचं रेग्युलेटर बिघडलं तरी मी फोन उचलते. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा तो म्हणाला की जुन्या डब्यात नवं मशीन बसवून देणारा एकजण आहे. आधी आमच्यासारखाच हिंजवडीला यायचा, वाकडच्या चौकात रोज अडकून कंटाळला आणि नोकरी सोडून घरीच गेमिंग कॉम्प्युटर बांधायला लागला. नारायण पेठेत राहतो.

पप्पांना विचारलं तर त्यांनी एकच अट घातली. बाहेरून काही बदलता कामा नये, आणि कुलूप चाललं पाहिजे.

शनिवारी आम्ही कॅबिनेट चादरीत गुंडाळून रिक्षाने नारायण पेठेत गेलो. दारावर पाटी होती: 'चौकशीची वेळ चार ते सहा. नुसते बघण्यासाठी येऊ नये. तुटलेले मोबाइल येथे पाहिले जात नाहीत.' पप्पांनी ती दोनदा वाचली आणि समाधानाने म्हणाले की माणूस शिस्तीचा दिसतोय. पाटी त्याच्या आजोबांनी लिहिली होती, हे नंतर कळलं. तो स्वतः तिशीतला, दाढी राखलेला, अत्यंत गबाळा माणूस होता. पुढच्या खोलीत सगळीकडे वायरींची भेंडोळी आणि काचेची कॅबिनेट. आत रंगीबेरंगी दिवे फिरत होते. पप्पा दाराशीच थांबले. गणपतीचा मांडव आहे का, असं त्यांनी मला हळू आवाजात विचारलं.

आमचं कॅबिनेट बघून मात्र त्या माणसाचा चेहरा उजळला. असा पीस त्याला फक्त व्हिडिओत बघायला मिळाला होता. "काका, हे तर सॉलिड आहे," तो म्हणाला आणि पप्पांना खुर्ची दिली. मग त्याने त्याचा बेत सांगितला. एका बाजूला काच बसवायची, आत दिवे लावायचे, आणि प्रोसेसर थंड ठेवायला पाण्याच्या नळ्या फिरवायच्या.

पप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मी पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलंय," ते म्हणाले. "पाणी कुठून कुठं गळतं ते मला सांगू नका."

नळ्या रद्द झाल्या. पाठोपाठ काच आणि दिवेही गेले. उरलं ते असं: हातरुमालाएवढा नवा बोर्ड, साधा पंखा, आणि सगळं जुन्या पत्र्याच्या आत. तो जरा हिरमुसला, पण त्याने स्क्रू काढून कॅबिनेट उघडलं आणि आतल्या वायरी एकेक करून बघायला लागला. पप्पा खुर्ची पुढे ओढून लक्ष ठेवून होते. थोड्या वेळाने तो हसला.

"काका, हे टर्बोचं बटण बोर्डाला जोडलेलंच नाहीये."

"म्हणजे?"

"याची वायर फक्त आकड्यांच्या पट्टीकडे जाते. बटण दाबलं की आकडा बदलतो. बाकी काही होत नाही."

पप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आणि वेग?"

"वेग आहे तेवढाच."

"पण सहासष्ट?"

"तो आकडा दुकानात सेट करतात. या बघा पिना. तुम्ही म्हणाल तो ठेवता येतो. नव्व्याण्णवसुद्धा."

त्याला आपण काय बोललो याची काहीच कल्पना नव्हती. तो आनंदाने पिना दाखवत होता. पप्पा त्या पिनांकडे बघत राहिले. बायोडेटासाठी पोराला चौकटीला लावून मोजणारा हा माणूस, आणि त्याच्याच टेबलावर इतकी वर्षं एक आकडा पाहुण्यांसमोर खोटं बोलत बसला होता.

कॅबिनेट त्याच्याकडेच ठेवून आम्ही परत निघालो. स्वारगेटच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा पप्पा म्हणाले, "मशीन घेतलं तेव्हा दुकानदाराने मला बटण दाबून दाखवलं होतं. मला फरक दिसला होता."

मी म्हटलं, दिसला असेल.

"असेल नाही. दिसला होता."

घरी आल्यावर त्यांनी आईला सगळं सांगितलं. आई मेथी निवडत होती. "पुसताना मी कितीदा दाबलंय ते बटण," ती म्हणाली. "नुसता आकडा बदलायचा, बाकी काही नाही, म्हणून मला वाटलं बिघडलंय. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही रविवारचं ते घेऊन दुरुस्तीला गेला असता. म्हणून बोलले नाही."

त्या आठवड्यात पप्पांनी टेबलावरची धूळसुद्धा पुसली नाही. मला वाटलं, आता हा विषय संपला. पण पुढच्या शनिवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार होऊन बसले होते.

"चल," ते म्हणाले. "त्या मुलाला सांगायचंय, आता ते खरं करा म्हणून."

म्हणजे टर्बो दाबल्यावर मशीन खरोखर जलद झालं पाहिजे, आणि आकडा खरा दिसला पाहिजे. हे ऐकून तो माणूस काच, दिवे, नळ्या गेल्याचं सगळं दुःख विसरला. इतकं विचित्र काम त्याला कुणी दिलं नव्हतं. टर्बोची सोय एका छोट्या सर्किटने होणार होती. एरवी मशीन सावकाश चालेल आणि बटण दाबलं की पूर्ण ताकद लावेल. अडचण आकड्याची होती. नव्या प्रोसेसरचा वेग त्या दोन घरांच्या खिडकीत मावत नव्हता. शून्य कमी करून दाखवू का, असं त्याने विचारलं. पप्पांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो लगेच म्हणाला, नको, नको. शेवटी तिथे आतलं तापमान दाखवायचं ठरलं. ते नेहमी दोनच आकडी असतं आणि खोटं बोलत नाही.

कुलपाचं बोलणं निघालं तेव्हा पप्पा आतल्या खोलीत पाणी प्यायला गेले होते. त्या माणसाने सहज ड्रॉवर उघडून एक नळीसारखी किल्ली काढली आणि आमच्या कुलपात घालून फिरवली. कुलूप उघडलं. "त्या काळात सगळ्या कॅबिनेटना एकच किल्ली असायची," तो म्हणाला. पप्पांना कळू देऊ नका, अशी मी मान जोरात हलवली. त्याच्या लक्षात आलं. त्याने कुलूप बंद केलं आणि किल्ली ड्रॉवरच्या तळाशी सरकवली. पप्पा बाहेर आले आणि म्हणाले की किल्ली एकच आहे, जपून वापरा. हो काका, असं तो अगदी गंभीरपणे म्हणाला. त्या दिवशी मला तो माणूस आवडायला लागला.

नवा बोर्ड बसवायला मागचा पत्रा कापावा लागणार होता. पप्पांना हे सांगताना त्याने डॉक्टरांसारखा आवाज लावला. दुसरा काही उपाय नाही का, पप्पांनी विचारलं. नाही म्हटल्यावर ते उठून गॅलरीत गेले. आत कटर सुरू झालं. तो आवाज ऐकून ते कठड्याला धरून उभे राहिले आणि खालच्या रस्त्याकडे बघत राहिले. त्या माणसाची आई चहा घेऊन बाहेर आली. तिला काय चाललंय हे पूर्ण माहीत नसावं. पप्पांचा चेहरा बघून ती म्हणाली, "काळजी करू नका, हाताला गुण आहे त्याच्या." पप्पांनी मान डोलावली आणि चहा घेतला.

त्यानंतर जुन्या डिस्कवरच्या फायली काढायच्या होत्या. त्याने डिस्क कसल्याशा वायरीने त्याच्या मशीनला जोडली, एक बटण दाबलं आणि झालं म्हणाला. पप्पांनी कप अजून खाली ठेवला नव्हता.

"सगळं आलं?"

"सगळं आलं काका. एवढंसंच होतं."

पप्पांना ते एवढंसं लागलं असावं. स्मरणिका होत्या त्यात, शेकडो पत्रिका होत्या, कितीतरी लोकांची खरी उंची होती. त्यांनी त्याला परत एकदा करायला सांगितलं, आणि या वेळी जरा सावकाश. त्याने निमूटपणे परत केलं. तेवढाच वेळ लागला.

पुढचा प्लास्टिकचा भाग इतक्या वर्षांत हळदीच्या रंगाचा झाला होता. तो मूळ रंगावर आणायचा एक उपाय त्या माणसाने सांगितला: केस ब्लीच करतात ते क्रीम फासायचं, वरून प्लास्टिक गुंडाळायचं आणि कडक उन्हात ठेवायचं. हे काम आईने अंगावर घेतलं. ती खालच्या पार्लरमध्ये गेली आणि सगळ्यात कडक क्रीम मागितलं. पार्लरवाल्या बाईंनी कुणाला लावायचंय विचारलं. आई म्हणाली, यांच्या कॉम्प्युटरला. बाईंनी यावर पुढे काही विचारलं नाही, पण हातमोजे फुकट दिले.

सोसायटीच्या गच्चीवर आईने तो भाग मन लावून माखला आणि पापड वाळत घालतात तिथे ठेवला. दुपारी शेजारच्या काकू चादरी वाळत घालायला वर गेल्या. त्यांनी खाली काहीतरी ठेवलेलं बघून चादर त्याला लागू नये अशी बेताने वर दोरीवर घातली. संध्याकाळी आम्ही प्लास्टिक काढलं तर अर्धा भाग दुधासारखा पांढरा आणि सावलीतला अर्धा तसाच पिवळा. काकूंना फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी दुसरी बाजू उन्हात ठेवली तेव्हा त्या स्वतः जाऊन पांढऱ्या भागावर एक टॉवेल अंथरून आल्या. आता पिवळा भाग पांढरा झाला खरा, पण टॉवेलची कड जिथे होती तिथे मधोमध एक पिवळसर पट्टा राहिला. अगदी सरळ, पट्टीने आखल्यासारखा. आई म्हणाली, अजून एकदा करू. पप्पांनी तो भाग हातात घेऊन फिरवून बघितला आणि राहू दे म्हणाले. आधी रंग काय झाला होता याचा पुरावा हवा.

महिन्याभराने मशीन घरी आलं. पप्पांनी किल्ली फिरवली, बटण दाबलं आणि सवयीप्रमाणे चहा आणायला उठले. ते अर्ध्या वाटेत असतानाच पडदा सुरू होऊन कामाला तयार होता. पप्पा परत फिरून बसले. "मला उठूसुद्धा देत नाही," ते म्हणाले. तक्रार होती की कौतुक, ते कळलं नाही. लाल आकडा चौतीसवर होता. मग त्यांनी टर्बो दाबलं. पंखा घरघरला आणि आकडा सरसर चढायला लागला. पंचेचाळीस, बावन्न, एकसष्ट. पप्पांनी घाईघाईने बटण काढलं.

"तापलंय," ते म्हणाले.

मी त्यांना समजावलं की प्रोसेसरला एवढं तापमान म्हणजे काहीच नाही, तो नव्वदीपर्यंत जाऊ शकतो. त्यांनी ऐकून घेतलं. पण आकडा आता खरा होता, आणि खरा आकडा डोळ्यांसमोर असताना दुर्लक्ष करणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. त्या दिवसापासून टर्बो पुन्हा परवानगीवर गेला. रोज संध्याकाळी फोनवर ते मला आईच्या गुडघ्याची आणि मशीनच्या तापाची बातमी एकाच स्वरात देतात. मे महिन्यात आकडा सकाळीच चाळीसवर होता, तेव्हा त्यांनी दुपारचं काम बंद ठेवलं आणि विहारातल्या लोकांना पत्रिका उद्या मिळेल असं कळवलं. कारण विचारलं तर प्रकृती बरी नाही म्हणाले. संध्याकाळी तिघेजण सफरचंदं घेऊन पप्पांना भेटायला आले.

मग नारायण पेठेतून फोन आला. एका इंजिनिअरिंग कॉलेजात अशा बांधलेल्या कॉम्प्युटरचं प्रदर्शन होतं आणि त्या माणसाला आमचं मशीन तिथे मांडायचं होतं. मला वाटलं पप्पा नाही म्हणतील. ते म्हणाले, मशीनबरोबर मी येणार. आईही निघाली.

कॉलेजच्या हॉलमध्ये दिव्यांनी उजळलेल्या काचेच्या पेट्यांची रांग होती आणि टोकाला आमचं पट्ट्याचं कॅबिनेट. पहिला तासभर तिकडे कुणी फिरकलं नाही. मग एका मुलीने टर्बो म्हणजे काय विचारलं. पप्पा खुर्चीवरून उठले. त्यांनी तिला सगळं सांगितलं, दुकानदारापासून पिनांपर्यंत, काहीही न लपवता, आणि हळूहळू त्यांच्याभोवती घोळका जमला. पोरं हसत होती, बटण दाबायला रांग लावत होती. पप्पा एकेकाला एकदाच दाबू देत होते आणि मधे आकडा खाली यायची वाट बघत होते. बांधणारा माणूस मागे हात बांधून उभा होता. आजोबांच्या मशीनला एकदम रिस्पेक्ट, असं कुणीतरी म्हटलं तेव्हा पप्पांनी आभार मानून सांगितलं की ते काका आहेत, आजोबा अजून व्हायचे आहेत, आणि माझ्याकडे बघितलं. मी आईला शोधायला लागले.

आई हॉलच्या दुसऱ्या टोकाला होती. फ्रिजएवढ्या एका काचेच्या मशीनसमोर ती बराच वेळ उभी असावी. आत नळ्यांमधून पाणी फिरत होतं आणि दिवे रंग बदलत होते. मी जवळ गेल्यावर तिने नजर न हलवता विचारलं की यावर व्हिडिओ कापून जोडायला किती वेळ लागत असेल. लॅपटॉपवर तिचा भाकरीचा व्हिडिओ अडकून बसायचा, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, काहीच नाही लागणार. मग तिने नारायण पेठेतल्या त्या माणसाला हात करून बोलावलं.

"मला असलं एक हवंय," ती त्याला म्हणाली. "काच पण हवी, नळ्या पण हव्यात."

त्याचा चेहरा पुन्हा उजळला. दिवे कुठल्या रंगाचे ठेवायचे, एवढंच त्याने विचारलं.

"निळे," आई म्हणाली. "सगळे निळे."